कांदा लागवडीची मजुरी: रास्त दर ठरवायचा कसा आणि कुणी?

ओतूरकर_हडपसर (शुक्रवार)

आमची ओतूरजवळ सव्वातीन एकर बागायत आहे. वडील गावी, मी हडपसरला नोकरीला, शनिवार-रविवार शेतावर. उन्हाळी कांद्याची लागवड तोंडावर आलीय आणि मजुरीवरून गावात वातावरण तापलंय. गेल्या हंगामात उक्ती लागवड (सगळ्या कामाची ठोक रक्कम ठरवून) एकरी अकरा हजारांवर गेली. यंदा मजूर बायकांच्या टोळ्या तेरा मागतायत. रविवारी देवळात बागायतदारांची बैठक आहे. विषय एकच: साडेअकराच्या वर कुणी जायचं नाही, जो जाईल त्याला गावानं जाब विचारायचा.

मला हे पटत नाही. दर आधी ठरलेला हवा, याबद्दल दुमत नाही. तो ठरलेला नसला की पहाटे अड्ड्यावर शेतकरी एकमेकांच्या टोळ्या पळवतात, आणि ज्याचं रोप वाफ्यात पिवळं पडायला लागलंय तो मागतील ते देतो. पण काम करून घेणाऱ्यांनीच बसायचं, त्यांनीच ठरवायचं आणि काम करणाऱ्या बायकांना बांधावर सांगायचं, ही रीत मला अन्यायाची वाटते. वडील म्हणतात, "तू पगारदार, तुला बोलायला काय जातं." त्यांचंही खोटं नाही.

तर शेती करणाऱ्यांनी, मजुरीला गेलेल्यांनी, हिशेब कळणाऱ्यांनी सांगा. रास्त दर काढायचा कशावरून? उक्तं बरं की रोजानं? गाडीभाडं कुणाचं? बाईच्या आणि गड्याच्या हजेरीत (रोजाच्या मजुरीत) फरक असावा का? आणि कांद्याचा बाजार पडला तर मजुरीही पडावी का?

निनाद_कोथरूड

यात ठरवायचं काय आहे? ज्याला गरज आहे तो देईल, ज्याला परवडेल तो येईल. टोळ्या तेरा मागतायत आणि त्यांना काम मिळतंय, म्हणजे तेरा हाच दर. गावानं बंदी घालणं मात्र चूकच आहे, त्यात ओतूरकरांशी सहमत.

शिवार_मंचर

निनाद, तुमचं म्हणणं ऐकायला सोपं आहे. आता एका एकराची नुसती मजुरी मांडतो. लागवड तेरा. तणनाशक मारलं तरी एक खुरपणी लागतेच, चार हजार. काढणी आणि काटणी चौदा. बराखीत (साठवणीच्या चाळीत) भरणं, दिवाळीपर्यंत दोनदा उलथून सडका कांदा काढणं, गोणी भरणं, पाच. झाले छत्तीस हजार. नांगरट, बी, खत, औषधं, गोण्या, गाडी हे सगळं वेगळं. एकरी एकशेदहा क्विंटल निघाला आणि दहा किलोला शंभर मिळाले तर एक लाख दहा हजार. बराखीत घट होते ती कुणी मोजत नाही. आणि शंभराच्या खाली बाजार जातो तेव्हा काय होतं ते इथल्या किती जणांना माहीत आहे?

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. त्या वर्षी आमच्याकडून कुणी विचारलं नाही की तुम्हाला रास्त भाव किती हवा. मजुराला रास्त द्या म्हणता, जरूर द्या. पण मला तो मिळाल्याशिवाय मी तो आणू कुठून?

राजूरची_लेक

मी आता पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. बारावीपर्यंत दर हिवाळ्यात आईबरोबर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातून जुन्नर भागात कांदा लावायला येत होते. तेव्हा बांधाच्या या बाजूचं मी सांगते.

पहाटे चारला उठायचं, भाकरी थापायच्या, पाचला गाडी. पिकअपमध्ये आम्ही वीस-बावीस जणी उभ्यानं. सातला शेतात. रोपाची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताचा अंगठा चिखलात दाबायचा, रोप सोडायचं, चार बोटं पुढं सरकायचं. वाफा भिजवलेला असतो, पाणी बर्फासारखं गार. दुपारपर्यंत अंगठ्याच्या नखाशी कातडं फाटतं. आम्ही त्यावर फडकं गुंडाळायचो, ते तासाभरात भिजून गळून पडायचं. उभं राहायचं ते फक्त रोप घ्यायला.

आता दराचं. उक्त्यात बाईला रोजापेक्षा जास्त सुटतात, हे खरं आहे, पण भांडण होतं ते मोजणीवर. एकर म्हणजे चाळीस गुंठे, गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, हे सगळ्यांना पाठ. प्रत्यक्षात मालक पावलांनी मोजतो, बायकांची मुकादम दोरीनं मोजते. मालकाच्या पावलानं पस्तीस गुंठे भरतात, आमच्या दोरीनं अडतीस. दिवस मावळायला आलेला, गाडीवाला भोंगा वाजवतोय, मग मधलं काहीतरी धरायचं. हे मधलं दरवेळी मालकाकडे झुकलेलं असायचं. एकरामागे दोन-तीन गुंठे गेले म्हणजे टोळीची हजारभर मजुरी गेली, आणि हे कुठल्याही ठरलेल्या दरात दिसत नाही.

दुसरं, रोप उपटणं. अर्ध्या टोळीची सकाळ गादीवाफ्यावरचं रोप उपटून जुड्या बांधण्यात जाते. ते लागवडीतच धरलं का वेगळं, हे आधी बोलून घ्यायला हवं. गेल्या वर्षीचे अकरा आणि यंदाचे तेरा एकाच कामाचे आहेत का, हे ओतूरकरांनी आधी बघावं.

ओतूरकर_हडपसर

ताई, हे कुणी बोललंच नव्हतं. वडिलांना आत्ता फोन करून विचारलं. गेल्या वर्षी रोप आमच्या घरच्यांनी उपटून दिलं होतं. यंदा टोळीच उपटणार आहे.

शिवार_मंचर

मग तेरा जास्त नाहीत. हे मी शेतकरी म्हणून सांगतो.

हिशेबी_माणूस

दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात एक मिसळू नयेत. किमान म्हणजे ज्याच्या खाली जाता येत नाही ते. रास्त त्याच्या वर असतं.

किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, आणि शेतीकाम त्याच्या अनुसूचीत पहिल्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला वेतन संहिता लागू झाली, तो कायदा आता तिच्यात आला. शेताच्या बांधावर तपासणीला कुणी येत नाही ही वस्तुस्थिती, पण शेतमजुराला किमान वेतन लागू नाही असा जो समज आहे तो चूक आहे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. सरकार स्वतः खड्डे खणायला ३१२ देत होतं, मग त्याच्या खालची कुठलीही हजेरी चर्चेलाही घेऊ नका.

आता उक्त्याची परीक्षा. समजा एकर लावायला सोळा बायका दिवसभर लागल्या. तेरा हजारांतून गाडीचे पंधराशे गेले, उरले साडेअकरा, म्हणजे बाईला सातशेवीसच्या आसपास. साडेअकरा हजार दर आणि गाडी त्यांचीच, तर सव्वासहाशे. वरवर दोन्ही ३१२ च्या दुप्पट. पण दिवस मोजा: पहाटे पाच ते रात्री आठ, त्यातले अकरा तास वाकून. आठ तासांवर आणा, जाण्यायेण्याचा निम्मा वेळ धरा, मग हे सातशे चारशेच्या घरात येतात.

आणि शिवार, तुमच्या बाजूनं. अकरा हजार किलो कांद्यावर वाढलेले दोन हजार रुपये म्हणजे किलोला अठरा पैसे. दहा किलोला एक रुपया ऐंशी पैसे. साडेअकरा आणि तेराच्या वादात तर त्याहून कमी. बाजारात एका सकाळी दहा किलोला वीस-तीस रुपये इकडचे तिकडे होतात. तुमचं नुकसान तिथं आहे.

शिवार_मंचर

अठरा पैसे लागवडीचे, तेवढेच काढणीत वाढणार, तेवढेच खुरपणीत. आणि बाजार माझ्या हातात नाही, मजुरी तेवढी हातात आहे, म्हणून माणूस तिथंच हात आखडतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, असं होतं एवढं सांगतो. पारनेरकडचे बरेच लोक आता यंत्रानं कांदा पेरायला लागलेत. लागवडच नाही. दर असाच चढला तर आमच्याकडेही तेच होईल, मग टोळ्यांनी काय करायचं?

माळवाडीची_सूनबाई

सगळ्यांचे हिशेब वाचले. त्यात माझी हजेरी कुठं आहे?

टोळीच्या आधी मी शेतात असते, टोळी गेल्यावर धारा काढायला गोठ्यात. रोप मी उपटलं म्हणून गेल्या वर्षी लागवड स्वस्तात पडली, असं ओतूरकरांच्या वडिलांसारखं आमच्याकडंही म्हणतात. ते स्वस्त पडलं नाही, त्याचे पैसे कुणी मला दिले नाहीत एवढंच. दिल्लीत पिकांचे हमीभाव काढतात त्यात घरच्या माणसांची मजुरी धरतात म्हणे. घरात कधी धरणार?

म्हणून मला टोळीतल्या बायकांचा हेवा नाही वाटत, त्यांची बाजू कळते. त्यांची मजुरी वाढली की निदान घरात तरी कुणाच्या लक्षात येतं की या कामाला किंमत आहे.

हिशेबी_माणूस

सूनबाई, धरतात. कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबात रोख खर्चात घरच्यांची मजुरी मिळवूनच आधारभूत किंमत काढतात. पण कांद्याला हमीभावच नाही, त्यामुळे तिथंही तुम्ही बाहेरच.

आळेफाटा_स्टँड

दरासोबत वेळही ठरवा. आमच्याकडे अंधारात कुणीही बाईला वाफ्यात उतरवू नये. बिबट्या उसात असतो, आणि वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. उजाडल्याशिवाय काम सुरू नाही, दिवस मावळायच्या आत गाडी हलली पाहिजे. उक्त्यात हेच होत नाही, एकर पुरा करायचा म्हणून मोबाईलच्या उजेडात लावत बसतात.

राजूरची_लेक

शंभर टक्के. उक्त्याचं वाईट हेच, आपणच आपल्याला राबवून घेतो.

दौंडचा_ऊसवाला

कांदेवाल्यांनी आमच्याकडं बघून चार गोष्टी घ्याव्यात आणि चार टाळाव्यात.

घ्यायची गोष्ट: ऊसतोडीचा दर गावागावात ठरत नाही. साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना समोरासमोर बसतात, करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं ३४ टक्के वाढ दिली, टनाला २७३ चे ३६६ च्या आसपास झाले. मुकादमाचं कमिशन १९ टक्क्यांवरून २० वर गेलं. कमी म्हणा, जास्त म्हणा, पण समोर बसून झालं. संप करायची वेळ आली तर कुणाच्या दारात बसायचं हे मजुराला माहीत असतं.

टाळायची गोष्ट उचल, म्हणजे आगाऊ पैसे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो आणि नवराबायकोचा एक कोयता त्याच्या वहीत जातो. कोयता एक, माणसं दोन. दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये, दोघांत. माणशी ३६६, आणि ते अंधारापासून अंधारापर्यंत, वर गाडी रात्री भरायला आली तर रात्रीही. एक दिवस आजारी पडली तर खाडा, त्याचा दंड वेगळा. खाडा नको म्हणून बीडच्या बायकांनी काय काय सोसलं ते २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीपुढं आलं, त्या बायकांनी गर्भाच्या पिशव्या काढून घेतल्या. एवढा संघटित दर असून बाईच्या अंगावर ही वेळ येत असेल तर नुसत्या टनाच्या भावाला रास्त म्हणता येत नाही.

शेतकऱ्याचंही सांगतो. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान भाव, टनाला ३,५५० होती, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि वरून टोळीला खुशाली, ड्रायव्हरला एन्ट्री द्यावी लागते. न दिली तर ऊस वाळेपर्यंत गाडी येत नाही. मी देतो, चिडून देतो. पण तोडणाऱ्यांची झोपडी माझ्याच रानात असते. रात्री थंडीत पोरं चिपाडाचा जाळ करून बसलेली दिसतात तेव्हा चीड कुणावर काढायची हेच समजत नाही.

निनाद_कोथरूड

दौंडकर, हे वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादात भर घालतो. ज्यानं आधीच उचल घेतलीय त्याला "परवडलं तर येईल" हे लागूच होत नाही. मोकळा सौदा व्हायचा तर दोघांनाही नको म्हणायची सोय हवी.

यार्डातला_तोलणार

माझे वडील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाल होते, मी तोलाईत आहे.

ओतूरच्या शेतात जी गोणी भरली जाते तीच आमच्याकडं उतरते. यार्डात ती उतरवणाऱ्याचा दर ठरलेला आहे, तो पट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) छापून येतो, त्यावर लेव्ही (मजुरीवरची वरकड रक्कम) जमा होते, त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे, दवाखाना. तीच गोणी शेतात भरून गाडीत टाकणाऱ्याला यातलं काही नाही. काम तेच, वजन तेच, फक्त शंभर किलोमीटर अलीकडं.

हे आपोआप झालेलं नाही. १९५०च्या दशकात बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत बांधली, लढून लढून १९६९ चा माथाडी कायदा आला. तेव्हा व्यापारी म्हणत, हमाल आज या गाळ्यावर उद्या त्या गाळ्यावर, याचा मालक कोण धरायचा? आज शेतमजुराबद्दल अगदी हेच वाक्य ऐकू येतं. त्यावर तोड निघाली ती मंडळाची. मालक कितीही असोत, मजुरी मंडळाकडं भरा, मंडळ मजुराला देईल. ओतूरच्या उपबाजारात दर गोणीमागं पन्नास पैसे बाजूला काढले तर लागवड करणाऱ्या बायकांसाठी निधी उभा राहू शकतो. शेतकऱ्याच्या पट्टीतून नको, खरेदीदाराकडून.

शिवार_मंचर

खरेदीदाराकडून म्हटलं की तो बोली तेवढीच खाली लावतो, शेवटी आमच्याच पट्टीतून जातं. पण कल्पना ऐकून घेण्यासारखी आहे.

सासवड_रोड

आमच्या पुरंदरात मटार. तोडणी किलोवर. इथं किलोच्या दरात एक मेख आहे ती सांगतो.

पहिल्या तोड्याला वेल लगडलेला असतो, बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो सहज तोडते. तिसऱ्या तोड्याला शेंग शोधावी लागते, तीच बाई तेवढ्याच वेळात वीसवर येते. किलोचा दर दोन्ही वेळी तोच ठेवला तर तिसऱ्या तोड्याला कुणी येत नाही आणि शेतकरी म्हणतो मजूर माजले. आमच्या वाडीत आता पहिला तोडा किलोवर आणि शेवटचा हजेरीवर, असं चालतं. भांडणं बंद झाली. शिवाय वजन सकाळी दव असताना करायचं की उन्हात, यावरूनही एकदा पंचायत बसली होती.

आणि हो, तोडताना खाल्लेल्या शेंगा मोजायच्या नाहीत हा आमच्या आजीचा कायदा. ती म्हणायची, ज्या रानात तोडणाऱ्याच्या तोंडात शेंग नाही त्या रानाला बरकत नाही.

चिंचवडची_सुमेधा

मटारच्या शेंगा सोलताना आमच्या घरी निम्म्या पोटात जातात, आजींचा कायदा इथंही लागू. :)

मी विकत घेणारी. किलोला दोन रुपये जास्त द्यायला तयार आहे, मजुराला पोचणार असतील तर. पोचतील कसे?

यार्डातला_तोलणार

सुमेधाताई, आजच्या रचनेत पोचत नाहीत. तुम्ही दोन रुपये वाढवले तर ते तुमच्या गल्लीतल्या गाड्यापासून आमच्या गाळ्यापर्यंतच जिरतात.

पवनमावळ

जरा वेगळं बोलतो. आमच्या मावळात भाताची आवणी (लावणी) सावडीवर व्हायची. आज तुमच्या खाचरात आम्ही सगळे, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. पैशाचा प्रश्नच नाही. आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरउतारावर भातखाचरं काढायला पडकई असते, तीही हीच रीत. जेवण ज्याचं शेत त्याचं, आणि त्या जेवणावरून घराची इभ्रत ठरायची.

सावड मोडली कारण निम्मी घरं तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत गेली. कंपनीतल्या माणसाला सावड फेडता येत नाही. आता आवणीला कातकरी वस्तीवरून माणसं येतात, इंद्रायणी तांदळाला भाव चांगला आहे म्हणून हजेरीही बरी देतात. पण एक फरक पडला. सावडीत माझी आई आणि बाप, दोघांचा दिवस एकास एक फिटायचा. बाई आली म्हणून तिचा दिवस पाऊण धरला, असं कधी ऐकलं नाही. हजेरी आली तसा बाईचा दिवस गड्यापेक्षा कमी झाला.

कारभारी_नारायणगाव

पण गड्याचं काम वेगळं आहे ना. फवारणी, गोण्या उचलणं, टोमॅटोची क्रेट गाडीत लावणं. त्याला पाचशे-सहाशे आणि बाईला साडेतीनशे-चारशे, हे सगळीकडे आहे.

माळवाडीची_सूनबाई

कारभारी, टोमॅटो तोडून क्रेट भरतं कोण? बांधापर्यंत आणून ठेवतं कोण? एक क्रेट वीस किलोची. आणि दिवसभर वाकून लागवड करायला एक तरी गडी या, मी त्याला गड्याची हजेरी देते.

हिशेबी_माणूस

समान कामाला समान मजुरी हा कायदा १९७६ पासून आहे, आता तोही संहितेत आलाय. कामच वेगळं असेल तर कामाचा दर वेगळा लावा: फवारणीचा अमुक, लागवडीचा तमुक, मग ते बाईनं केलं की गड्यानं हे बघू नका. आज उलटं आहे. आधी माणूस बघतात, मग काम.

कारभारी_नारायणगाव

फवारणीचा दर बाईला द्यायला माझी हरकत नाही. पण बाजार पडला की काय करायचं हा ओतूरकरांचा प्रश्न सगळे विसरलात. जुलै २०२३ ला आमच्याकडे टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला, नंतर भाव एवढा पडला की तोडणी सुटेना. मजुरी मधल्या मध्ये स्थिरच.

राजूरची_लेक

दादा, दोन हजारांची क्रेट होती तेव्हा तोडणाऱ्या बाईला किती वाढवले होते? चढल्यावर वाटा नसेल तर पडल्यावर तोटाही तिचा नाही. तिचं शेत नाही, तिचा सातबारा नाही, तिला पीकविमा नाही. आणि "पट्टी आल्यावर देतो" हेही बंद व्हावं. कारखान्यानं उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे हा नियम शेतकऱ्यासाठी १९६६ पासून आहे ना? मग बाईचे पैसे त्याच संध्याकाळी.

ओतूरकर_हडपसर (सोमवार)

काल बैठक झाली. सविस्तर लिहितो.

शनिवारी रात्री वडिलांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. राजूरच्या ताईंचा अंगठ्याचा परिच्छेद वाचल्यावर ते काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनीच दोन टोळ्यांच्या मुकादम बायकांना फोन करून देवळात बोलावलं. यावरून बैठकीत पहिली अर्धी घटका आरडाओरडाच झाला. चार-पाच जण उठून गेले. बाकीचे बसले.

पहिल्यांदा रोप उपटण्याचा विषय निघाला. निम्म्या लोकांनी गेल्या वर्षीचा दर सांगताना ते धरलंच नव्हतं. ते वेगळं काढल्यावर दोन्ही बाजू एकदम जवळ आल्या. शेवटी ठरलं ते असं: लागवड एकरी बारा हजार, रोप टोळीनं उपटलं तर वर बाराशे. मोजणी टेपनं, सकाळीच, काम सुरू व्हायच्या आधी, दोघांसमोर. गाडीभाडं ज्याचं शेत त्याचं. उजाडल्यावर सुरुवात, साडेपाचला शेवटचा वाफा, राहिलं तर दुसऱ्या दिवशी. पैसे संध्याकाळी. खुरपणीची हजेरी चारशे, गडी आला तरी चारशे. काढणीचा दर फेब्रुवारीत पुन्हा बसून.

एक गोष्ट सुटली नाही. वाफा भिजवून लावायचा असतो आणि वीज मधेच जाते. मग टोळी दोन-दोन तास बांधावर बसून. मुकादम बाई म्हणाल्या, आमचा दिवस गेला. शेतकरी म्हणतात, वीज मी घालवली नाही.

शिवार_मंचर

गाडीभाडं शेतकऱ्यावर टाकलं म्हणजे तुमचे बारा हे आमच्या साडेतेरा झाले की. रोप धरलं तर पावणेपंधराच्या घरात.

ओतूरकर_हडपसर

हो. आणि वडिलांनी ते कबूल केलं.

दौंडचा_ऊसवाला

विजेचं सोपं आहे. तुमच्या फिडरचं वेळापत्रक आठवड्याला बदलतं, ते सगळ्यांना कळतं. दिवसा वीज असलेल्या आठवड्यातच टोळी बोलवायची. रात्रपाळीचा आठवडा असेल तर वाफे रात्री भिजवून ठेवायचे. एवढं करूनही वीज गेली तर पहिला तास टोळीचा, पुढचे शेतकऱ्याचे, रोजाच्या हिशेबानं.

राजूरची_लेक

चालेल, पण तास कोण मोजणार तेही लिहून ठेवा. आणि ओतूरकर, जे चार-पाच जण उठून गेले त्यांच्या शेतावर कुठली टोळी जाते आणि किती दरानं, तेवढं बघा. तिथं साडेअकरानं काम झालं तर पुढच्या हंगामात तुमच्या बारावर बोट ठेवतील.

ओतूरकर_हडपसर

त्यातल्या एकाची लागवड गुरुवारी आहे. टोळी तीच, आमच्या बैठकीला आलेल्या मुकादम बाईंची. त्यांनी त्याला दर आमचाच सांगितलाय, अजून त्याचा होकार आलेला नाही.